बिस्किटांच्या डब्यातली लेन्स

आलिंग बेबांगच्या दुकानात त्या सकाळी एकूण एकेचाळीस लेन्स होत्या. काचेच्या कपाटात बावीस, मागच्या फळीवर बारा आणि गल्ल्याखाली ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात. त्यांतल्या मारिदेलच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या नऊ. नऊपैकी तिघींच्या काचेवर बुरशी होती, टॉर्च पलीकडून मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी. एकीच्या आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर तेल उतरलं होतं आणि एकीची फिरवायची कडी खुळखुळत होती. उरल्या चार.

"झालं मोजून?" आलिंग बेबांगनं विचारलं. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बाई. गळ्यात चष्मा, हातात पंखा. कियापोच्या या गल्लीत कॅमेऱ्यांची तीस-पस्तीस दुकानं असतील, पण साडेआठच्या आत उघडणारं हे एकच. "मोजायला आलीस की घ्यायला?"

"घ्यायला. पण आधी या चारही बघते."

"बघ की. कपाटातली ती मोठी बघ. पहिलं गिऱ्हाईक आहेस तू माझं. भवानी आहे, भाव पाडून देईन."

हे मारिदेलला ठाऊक होतं, म्हणून तर ती पहाटे चारच्या बसनं आपल्या गावाहून, हागोनोयहून निघाली होती. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार रिकाम्या हातानं जाऊ देत नाही, तेव्हा भाव उतरतो. पण गिऱ्हाइकावरही बंधन येतं. पहिल्यानं येऊन, भाव विचारून, काही न घेता निघून जाणं म्हणजे त्या दुकानाचा दिवस नासवणं. मारिदेल स्वतः दुकानात वाढलेली होती. सकाळच्या पहिल्या पासपोर्ट फोटोचे पैसे आले की आई त्या नोटा कॅमेऱ्यावर, ट्रायपॉडवर, पडद्यावर टपटप आपटायची. असला अपशकुन करणं तिला जमलंच नसतं.

तिनं पिशवीतून नावाच्या पाच पट्ट्या काढल्या. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी अक्षरं, उंची दीड सेंटिमीटर. शाळेतली मुलं छातीवर लावतात तशा, तेवढ्याच.

या पट्ट्यांवरच सगळं अडलं होतं. सिक्स्तो फोटो स्टुडिओ गेली एकतीस वर्षं गावच्या शाळेचा शेवटच्या वर्षाचा फोटो काढत आला होता. सिक्स्तो म्हणजे मारिदेलचा बाप. गेल्या वर्षीच्या फोटोत मधली मुलं ठीक आली आणि कडेची विरघळली. एका आईनं फोटो घेतला, मुलाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल केला, चौकटीत बसवून भिंतीवर लावला, आणि महिन्याभरानं कळलं की तो शेजारणीचा मुलगा. दोष लेन्सचा होता, आणि लेन्सचा दोष बापाचा. दमटपणानं बुरशी धरू नये म्हणून त्यानं ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. बुरशी धरली नाही. पण तांदळाची भुकटी आत गेली, आणि भुकटीमागोमाग तांदळातले दोन किडे. त्यातला एक एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावर तीळ होऊन आला, तेव्हा घरात कळलं.

मुख्याध्यापिका मॅम त्रिनी यांनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं. "सिक्स्तो, मला कविता नको, नावं हवीत. एकशे सव्वीस मुलं आहेत. दहापेक्षा जास्त पट्ट्या वाचता आल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून मालोलोसचे फोटोवाले येतील." फोटो आज दुपारी तीनला होता. तीनलाच, कारण आजची भरती चारनंतर पूर्ण चढणार होती, आणि तिचं पाणी साडेतीनलाच शाळेच्या अंगणात येतं.

बापानं आयुष्यभर एकच गोष्ट मानली होती. लेन्स जड हवी आणि काच मोठी हवी. ती निघताना त्यानं साठवलेले सगळे पैसे मारिदेलच्या हातात दिले होते. "मोठी आण. हातात घेतल्यावर मनगट खाली गेलं पाहिजे." त्याच पैशांतून प्रिंटरची शाई आणि कागद यायचा होता, हे त्याच्याही लक्षात होतं आणि तिच्याही.

रस्त्यापलीकडची सलग तीन शटरं बंद होती. ट्रॉफ्या विकणाऱ्यांची दुकानं ती, दहाशिवाय उघडत नसत. मारिदेलनं चार पट्ट्या चार कोपऱ्यांत चिकटवल्या आणि एक मधोमध. मग आलिंग बेबांगच्या दारापासून थोडं मागे सरकून, दोरीनं अकरा मीटर अंतर धरलं आणि ट्रायपॉड उभा केला.

"शाळा भरवतेस का गं माझ्या दारात?" आलिंग बेबांग पंखा हलवत म्हणाली.

"शाळेचाच फोटो आहे. नऊ मीटर रुंद रांगा, अकरा मीटरवरून. म्हणजे पट्टीच्या एका अक्षराला कॅमेऱ्यात नऊ-दहा ठिपके मिळतात. नऊ ठिपक्यांत अक्षर वाचता येतं, पण काच जरा जरी ढिली असली तर नाही."

"माझ्या काचा ढिल्या नाहीत."

"बघूया."

पहिली, सहा हजारांची. डावीकडच्या दोन पट्ट्या आणि मधली स्पष्ट, उजवीकडच्या दोन्ही पुसट. कधीतरी पडलेली असणार. बाहेरून ओरखडा नाही, पण आतली काच एका अंगाला कलंडलेली. दुसरी, बेचाळीसशेची. चार पट्ट्या वाचता येत होत्या, पाचवीचा अंदाज करावा लागत होता. तिसरी, कपाटातली मोठी. साडेचौदा हजार. हातात घेतल्यावर मनगट खाली गेलं. पाचही पट्ट्या, अक्षर न् अक्षर.

"आता कळलं?" आलिंग बेबांग म्हणाली. "तुझ्यासाठी बारा. भवानी आहे म्हणून. दुसऱ्या कुणाला तेरालासुद्धा देणार नाही."

राहिली चौथी. ती डब्यातली. करडं प्लास्टिक, वजन नावाला, रिळाच्या काळात कॅमेऱ्यासोबत फुकट मिळायची तसली. त्या काळी ती घरोघरी होती आणि कुणालाच नको होती. भाव नऊशे, तोही विचारल्यावर ठरवलेला. मारिदेलनं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक, पूर्ण उघडं ठेवून पहिला फोटो काढला. फक्त मधली पट्टी वाचता आली, बाकी धुकं. मग अ‍ॅपर्चर आठवर आणून, म्हणजे भोक लहान करून, दुसरा काढला आणि पडद्यावर मोठा करून बघितला.

तिनं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. मग मोठी लेन्स लावून तिचंही अ‍ॅपर्चर आठवर ठेवलं आणि दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत राहिली.

"काय झालं?"

"पाच," मारिदेल म्हणाली. "हिच्याही पाच."

"कुणाच्या?"

"या नऊशेवालीच्या."

आलिंग बेबांगनं चष्मा नाकावर चढवला, पडद्यात डोकावली आणि चष्मा परत खाली सोडला. "तुझा कॅमेरा बिघडलाय."

"नाही ओ. असं बघा, ही लेन्स रिळाच्या मोठ्या चौकटीसाठी बनवलेली. तिच्या कडा वाईटच आहेत. पण माझ्या कॅमेऱ्याची चौकट लहान, तो फक्त मधला भाग घेतो. करपलेली कड काढून पोळी वाढावी तसं. आणि मोठीचे जास्तीचे पैसे कशाचे, तर अंधारात पूर्ण उघडून चालण्याचे. मी उन्हात आठवर काढणार. मला ते पैसे द्यायचं कारणच नाही." तिनं पाकीट काढलं. "ही द्या."

आलिंग बेबांगनं पंखा मिटला. "ही नाही देता यायची."

"का?"

"भवानी आहे माझी. सकाळची पहिली विक्री नऊशेची? डब्यातल्या मालाची? मग दिवसभर नऊशेवालेच येतील. दिवसभर सोड, शुक्रवारपर्यंत. माझ्या सासूनं एकदा सकाळी पहिली फक्त बॅटरी विकली होती. पूर्ण आठवडा बॅटऱ्या विकत बसली बिचारी."

"मग मी दुसरीकडे बघते."

"आणि मला तशीच टाकून जातेस? पहिलं गिऱ्हाईक?" तिचा आवाज खरोखर दुखावला होता. "पट्ट्या लावल्यास, फोटो काढलेस, माझ्या काचा ढिल्या म्हणालीस, आणि आता चाललीस?"

मारिदेलनं घड्याळ बघितलं. साडेनऊ. "पंधराशे देते. याच लेन्सचे."

"भवानीला गिऱ्हाईक भाव चढवतं? गल्लीत हसतील मला. बारा हजारांत मोठी घे, तुझं काम होतंय, माझं काम होतंय."

फोन वाजला. ताताय, तिचा बाप.

"घेतलीस का?" मागे शाळेचा गोंगाट ऐकू येत होता. तो पाच तास आधीच तिथे जाऊन बाकं लावत होता.

"बघतेय. ताताय, एक लहान आहे, ती पण..."

"लहान? लहान कशाला? मालोलोसवाल्याचा माणूस आलाय इथं. नुसता बघायला आलोय म्हणतो. त्याची लेन्स बघितलीस तर, भाताचं पातेलं आहे. मोठी आण."

फोन बंद झाला. आलिंग बेबांगला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं मोठी लेन्स कपाटातून काढून मारिदेलच्या समोर ठेवली आणि रुमालानं पुसायला लागली.

बारा हजार दिले तर फोटो निघेल, बाप खूश होईल, आणि एकशे सव्वीस प्रती छापायला शाई उरणार नाही. मारिदेल स्टुलावर बसली. सगळं बरोबर मोजलं होतं तिनं. फक्त सकाळची पहिली कोण, हे मोजायचं राहिलं होतं.

"आलिंग बेबांग," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमची भवानी दुसऱ्या कुणी केली तर?"

"तर तू दुसरी. मग डबासुद्धा ने."

"मग मी थांबते. साडेअकरापर्यंत. त्यानंतरची बस तीनला पोचत नाही."

"थांब. कॉफी घेणार?"

कॉफी झाली. दहा वाजता पलीकडचं मधलं शटर उघडलं आणि मधोमध लावलेली पट्टी गोल फिरत वर गुंडाळली गेली. ट्रॉफीवाला बराच वेळ वर बघत राहिला, मग त्यानं बाकीच्या चार पट्ट्या काढून तिला आणून दिल्या आणि "तुमचे उमेदवार पडले वाटतं" म्हणाला.

सव्वादहाला हेल्मेट काखेत घेऊन एक उंच माणूस आत आला.

"आला," आलिंग बेबांग पुटपुटली. "डोमेंग. महिनाभर दर मंगळवारी येतो, मोठी लेन्स हातात घेतो, उसासा टाकतो आणि जातो. काय डोमेंग, आज पण नमस्कार करून जाणार?"

"बघायला पैसे पडतात का?" डोमेंग म्हणाला. त्यानं लेन्स उचलली. मनगट खाली गेलं. त्यानं उसासा टाकला.

मारिदेल स्टुलावरून उतरली. "कुया," तिनं थोरल्या भावाला म्हणतात तशी हाक मारली, "तुम्ही काय काढता?"

"बास्केटबॉल. वस्तीतल्या लीगचे सामने, पत्र्याच्या शेडमधे, रात्री. चार दिवे, त्यातले दोन चालू. पोरं उडी मारतात आणि फोटोत भूत येतं."

"तुमची आताची लेन्स दाखवता?"

त्यानं कॅमेरा दिला. साधी लेन्स. मारिदेलच्याही कॅमेऱ्याला बसणारी. मारिदेलनं इकडे तिकडे बघितलं. दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथं जुन्या बॅगा टांगल्या होत्या, तिथं एकच मिणमिणता बल्ब होता.

"आलिंग बेबांग, तिथं उभ्या राहा जरा. आणि पंखा हलवा. जोरात, राग आल्यासारखा."

"राग आलेलाच आहे," आलिंग बेबांग म्हणाली आणि उभी राहिली.

आधी डोमेंगची लेन्स. फोटोत बाईच्या छातीसमोर एक फिकट ढग होता आणि चेहऱ्याला चार डोळे. मग मोठी, पूर्ण उघडी. मारिदेलनं पडदा त्याच्यासमोर धरला. पंख्याची प्रत्येक काडी सुटी दिसत होती. वर आलिंग बेबांगच्या भुवईतला एकुलता एक पांढरा केसही.

डोमेंगनं काखेतलं हेल्मेट गल्ल्यावर ठेवलं.

"कडा बघा," मारिदेल म्हणाली. "खोटं नाही सांगत, पूर्ण उघडी असताना कोपरे मऊ येतात. पण तुमचा खेळाडू कोपऱ्यात नसतो. दिवसा काढत असाल तर ही घेऊ नका, पैसे वाया. अंधारात काढता म्हणून घ्या."

"तू हिच्या नात्यातली का?" डोमेंगनं संशयानं विचारलं.

"नात्यातली असती तर तिला कधीच घरी पाठवली असती," आलिंग बेबांग म्हणाली. तिनं कॅमेरा हिसकावून घेतला होता आणि स्वतःचा फोटो मोठा करून बघत होती. "बरी दिसते की मी. हा मला छापून हवा. डोमेंग, साडेबारा. भवानी आहे."

"मघाशी त्यांना बारा म्हणालात."

"तू ऐकलंस कुठून? तू नव्हतास."

"मी म्हणाले नाही," मारिदेल घाईनं म्हणाली.

"अंदाज टाकला होता. खरा निघाला, तोंडावरून कळलं तुमच्या," डोमेंग म्हणाला. "बारा."

आलिंग बेबांगनं मारिदेलकडे एकदा रागानं बघितलं, एकदा घड्याळाकडे. "बारा. पण आत्ता."

डोमेंगकडे रोख नव्हते. तो मशीनमधून पैसे काढायला गेला. पावणेअकरा. अकरा. मारिदेल दारात जाऊन उभी राहिली. आलिंग बेबांग शेजारी येऊन उभी राहिली. दोघी गल्लीच्या टोकाकडे बघत होत्या.

"पळाला," आलिंग बेबांग म्हणाली.

"हेल्मेट इथंच आहे."

"जुनं आहे."

या मधल्या वेळात दोन माणसं आली, एक पट्टा विचारत, एक बॅटरी. आलिंग बेबांगनं दोघांना "अजून दुकान उघडलं नाही" असं सांगून घालवलं. दुसरा माणूस उघड्या कपाटाकडे, चालू दिव्यांकडे आणि तिच्या हातातल्या कॉफीकडे बघत निघून गेला.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी डोमेंग धापा टाकत आला. पहिल्या मशीनमधे पैसे नव्हते, दुसऱ्यासमोर रांग. त्यानं नोटा मोजून दिल्या. आलिंग बेबांगनं त्या हातात धरून कपाटावर टपटपवल्या, फळीवर टपटपवल्या, कॅमेऱ्यांवर, बॅगांवर, आणि शेवटी मारिदेलच्या खांद्यावरसुद्धा एकदा. मग खाली वाकून डबा काढला.

"नऊशे."

"दोनशे कमी नाही का करणार? तुमची मोठी विकून दिली मी."

"दुसरी आहेस तू. भवानी गेली तुझी." तिनं लेन्स वर्तमानपत्रात गुंडाळली, त्याच पिशवीत एक गरम सिओपाओ, सारण भरून वाफवलेला पाव, घातला. "बसमधे खा. आणि माझा फोटो विसरू नकोस."

बस वेळेवर मिळाली, पण मालोलोसपुढे रस्त्यावर एक लग्नाची वरात आडवी आली. मारिदेल शाळेत पोचली तेव्हा दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अंगणात सहा रांगांची बाकं मांडलेली, मुलं बहुतेक रबरी बुटांत. मॅम त्रिनी छत्री घेऊन उभ्या. मालोलोसचा माणूस भिंतीला टेकून शेंगा खात होता.

सिक्स्तोनं पुडकं उघडलं. लेन्स तळहातावर घेतली. मनगट जिथल्या तिथं राहिलं.

"हे काय आहे? शाम्पूचं टोपण?"

"ताताय, तुम्ही हिला हात लावू नका. मी पट्ट्यांवर तपासली आहे. तुम्ही पोरं उभी करा. तेवढं मला जमत नाही."

"पोरी, मालोलोसवाला बघतोय."

"बघू दे. पट्ट्या दिसतील अशी पोरं तुम्ही उभी केलीत तरच मला नावं फोटोत येतील."

बापानं तिच्याकडे बघितलं, लेन्सकडे बघितलं, मग खिशातून शिट्टी काढली. एकतीस वर्षं हे काम त्याचं होतं. उंच मागे, ठेंगणे पुढे, एवढ्यानं भागत नाही. त्यानं प्रत्येक मुलाला पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत उभं केलं. हात बांधलेले सोडवले, केसांच्या वेण्या पट्टीवरून मागे टाकायला लावल्या, एका मुलाच्या छातीवरची पट्टी उलटी होती ती सुलट केली. "तिसऱ्या रांगेतला बेबोट, तू श्वास सोड. पट्टी फुगलीय तुझी." सगळी हसली.

मारिदेलनं दोरीनं अकरा मीटर मोजले. अकरावा मीटर अंगणाच्या सखल टोकाला येत होता, आणि भरती आज जरा आधीच निघाली होती. तिनं बूट काढले, ट्रायपॉड पाण्यात रोवला. घोट्यापर्यंत पाणी होतं आणि गार होतं. अ‍ॅपर्चर आठ.

"मनातल्या मनात तीन मोजा आणि हसा," सिक्स्तो ओरडला. "मोठ्यानं मोजलंत तर तोंडं उघडी येतील."

तिनं सहा फोटो काढले. सातव्याच्या वेळी पहिल्या रांगेतल्या मुली पाणी आलं म्हणून बाकांवर चढल्या, आणि मग कुणाला आवरणं शक्यच नव्हतं. मुलं पाण्यात उड्या मारायला लागली. सिक्स्तो शिट्टी वाजवत राहिला, पण आता तोही हसत होता.

मॅम त्रिनी यांच्या खोलीत संगणकावर चौथा फोटो उघडला. बाईंनी हजेरीपट समोर ठेवला, चष्मा बदलला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या वरच्या मुलापासून एकेक नाव मोठ्यानं वाचत, पटावर खूण करत गेल्या. सिक्स्तो दारात उभा होता. मालोलोसचा माणूसही शेंगांची पुडी मिटून त्याच्या मागे येऊन थांबला होता. वाचायला बावीस मिनिटं लागली.

पट्ट्या एकशे सव्वीस. वाचता आल्या एकशे चोवीस. दहाची सूट होती; हुकल्या दोनच, आणि त्याही पुढच्या मुलांच्या डोक्यांमागे होत्या म्हणून.